बाबांची बासष्ट पानं आणि घरचा कॉम्प्युटर

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या चारपाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता नवा लॅपटॉप घ्यायचा, की जुन्यावर लिनक्स टाकायचं?" मी तोफखान्याचा माणूस, कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ नव्हे. पण या बाबतीत हात पोळलेत, म्हणून बोलतो.

२००७ साली माझं पोस्टिंग कोलकात्याला, फोर्ट विल्यममध्ये होतं. ईस्टर्न कमांडचं मुख्यालय ते. आता त्याचं नाव विजय दुर्ग झालंय. त्या हिवाळ्यात बाबा वाईहून आमच्याकडे राहायला आले. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. सकाळी किल्ल्यात फेरी मारायचे आणि दुपारी आठवणी सांगत बसायचे. ते सांगायचे, आमची ही टाईप करायची. बासष्ट पानं झाली. त्यासाठी मी रीतसर पैसे भरून मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं.

बाबा २०१२ साली गेले. २०२१ मध्ये नातीला ती पानं दाखवावीत म्हणून नव्या लॅपटॉपवर फाईल उघडली, तर समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, चिनी मातीची बरणी फुटावी तशी विखुरलेली. सॉफ्टवेअरची किल्ली नव्या मशीनवर चालेना आणि विकणाऱ्याचा फोन लागेना. त्याच कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवायचा. त्याचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापलं, बंगालमधल्या श्रीरामपूरला, आपल्या नगरमधल्या नव्हे. ते आजही उघडून वाचता येतं. आमचं २००७ चं वाचता येईना!

आता खरं सांगतो, यात दोष विंडोजचा नव्हता. विंडोजमध्ये तेव्हाही युनिकोड मराठी होतं, ते मला ठाऊक नव्हतं. जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की मजकुराचा अर्थच गेला. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की विंडोज की लिनक्स हा प्रश्न नंतर. आधी तुमच्या घरातली कागदपत्रं कशात आहेत ते बघा.

मग लिनक्सकडे का वळलो? आमच्या बोफोर्सचं उदाहरण देतो. १९८६ साली करार झाला तेव्हा तोफांबरोबर तंत्रज्ञानाचे नकाशेही मिळाले. ते बरीच वर्षं पडून होते. पुढे त्यांच्याच आधारावर जबलपूरला 'धनुष' तयार झाली आणि २०१९ मध्ये सैन्याला मिळाली. नुसती तोफ विकत घेणं वेगळं आणि नकाशे हातात असणं वेगळं. ओपन सोर्स म्हणजे नकाशे सगळ्यांना खुले. तुम्ही-मी ते वाचणार नाही, मान्य. पण बनवणाऱ्यानं उद्या हात झटकले तरी दुसरा कुणी ते उचलून पुढे नेऊ शकतो. संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेली 'माया' आणल्याचं वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा लॅपटॉप जुना, त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. मशीन मात्र ठणठणीत. मी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेतलं आणि आधी काही न पुसता तिथूनच चालवून पाहिलं. वायफाय लागलं, आवाज आला, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी उमटलं. प्रिंटरनं मात्र दोन दिवस छळलं आणि स्कॅनर अजून रुसलेलाच आहे. पेन्शनचं, बँकेचं काम ब्राउझरमध्ये होतं, तिथं काही अडत नाही.

पण सरसकट सगळ्यांना मी हे सांगत नाही. माझे एक शेजारी अजून चार दुकानांचे हिशेब टॅलीत लिहितात, डिजिटल सहीचं टोकन वापरतात. त्यांना मी सरळ म्हटलं, विंडोज घ्या, पैसे भरा, डोकेदुखी घेऊ नका. आणि ज्यांच्या घरी अडलं तर विचारायला कुणीच नाही, त्यांनीही घाई करू नये. लिनक्सला पैसे पडत नाहीत, पण शिकायला वेळ पडतो. सत्तरीच्या उंबरठ्यावर तोही हिशेबात धरावा लागतो. चोरीचं विंडोज वापरणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. त्यात बरेच माजी अधिकारीही आहेत.

काहीही निवडा, पण आधी सगळ्या फाईलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करा, नाहीतर एका मशीनवरची पानं दुसऱ्यावर हलतात.

बाबांच्या पानांचं विचाराल तर, फॉन्ट बदलून देणारं एक साधन मिळालं. रफार भलत्याच अक्षरावर, पहिली वेलांटी शब्दाच्या बाहेर, अशा अवस्थेत मजकूर हाती आला. ही आणि मी रोज संध्याकाळी एकेक पान दुरुस्त करतो. त्रेपन्न झाली. उरलेल्या नऊ पानांची फाईलच खराब झालीय. त्यांत बाबांच्या पहिल्या शाळेची हकिकत आहे. हिला जेवढं आठवतं तेवढं ती आता वहीत लिहून काढतेय, पेननं.