पानाचा आकार आणि पत्राची मालकी

छोट्या आकाराची वृत्तपत्रे उथळ आणि म्हणून प्रतिगामी, असे सरसकट मानले जाते. ब्रिटनचा अनुभव निराळा आहे. 'डेली मिरर' छोट्या आकाराचे. तरीही १९४५ पासून ते मजूर पक्षाच्या बाजूने उभे राहिले.

'डेली हेरल्ड' हे मोठ्या आकाराचे, कामगार चळवळीचे दैनिक. १९३३ मध्ये त्याचा खप वीस लाखांवर गेला. परंतु १९२९ पासून त्याची निम्म्याहून अधिक मालकी एका खाजगी प्रकाशन कंपनीकडे होती आणि कष्टकरी वाचकाच्या खिशाला जाहिरातदारांच्या लेखी किंमत नव्हती. बारा लाखांवर खप असतानाही १९६४ मध्ये ते बंद झाले. त्याच्या जागी 'सन' निघाले. १९६९ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी ते विकत घेऊन छोट्या आकारात आणले आणि १९७९ च्या निवडणुकीत त्याच पत्राने थॅचरबाईंचा पुरस्कार केला.

तात्पर्य, पत्राची दिशा पानाच्या आकारावरून नव्हे, तर भांडवल व जाहिराती यांवरून ठरते. केवळ वाचक मिळवून भागत नाही. पत्राचा खर्चही वाचकांनीच उचलावा लागतो. वर्गणी गोळा करणे हे म्हणूनच कार्यकर्त्यांचे राजकीय कर्तव्य होय.