केरेनची खिंड आणि मराठा पलटणी
(भाषणाचा मजकूर)



निपाणीहून संकेश्वरकडे येताना तवंदीचा घाट लागतो. घाटमाथ्यावर शत्रू तोफा रोखून बसला आहे आणि सडक दरडी पाडून बुजविली आहे, अशा स्थितीत खालून चढणाऱ्या सैन्याची अवस्था काय होईल, याची कल्पना या भागातील शेतकऱ्यालाही सहज येईल. एरिट्रियातील केरेन येथे 1941 साली हाच प्रसंग उद्भवला. तेथे चढून गेलेल्यांत मराठा पलटणी होत्या. 1922 च्या पुनर्रचनेपासून बेळगाव हे या रेजिमेंटचे केंद्र आहे.

एरिट्रिया त्या वेळी इटलीच्या ताब्यात होता. राजधानी अस्माराकडे जाणारी सडक व लोहमार्ग डोंगोलासच्या अरुंद घळीतून वर चढतात. इटालियनांनी सुरुंग लावून कडे सडकेवर पाडले आणि दोन्ही बाजूंची शिखरे धरून ठेवली. ब्रिटिशांचे मॅटिल्डा रणगाडे खालीच खोळंबले. जाड पोलादी कवचाचा पुढे वाट नसताना उपयोग तो काय! फेब्रुवारीतील हल्ले परतविले गेले. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम याच लढाईत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटालियन शिपाई लढत नाही, ही तेव्हाची समजूत केरेनपुरती तरी खोटी ठरली.

15 मार्च रोजी दुसरा मोठा हल्ला झाला. दिवसा डोलोगोरोडोकच्या किल्ल्याकडे निघालेली स्कॉटिश पलटण रणरणत्या उन्हात, माऱ्याखाली अडकून पडली. सायंकाळी लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या हाताखालील तिसरी मराठा पलटण पुढे सरसावली. ब्रिटिशांनी ‘पिनॅकल’ नाव दिलेला सुळका तिच्या वाट्याला होता. चढ उभा, पायाखाली निसटते धोंडे, वरून हातबाँबचा वर्षाव. रात्री सुळका हाती आला, तेव्हाच पहाटे वेस्ट यॉर्कशायर पलटणीस किल्ला घेता आला. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रणगर्जना याच लढाईत प्रथम घुमली, असे रेजिमेंटच्या परंपरेत सांगतात. सह्याद्रीच्या लेकरांना तिथे दुसरे कोणते नाव आठवावे?

किल्ला घेणे एक, राखणे दुसरे. शत्रूचे प्रतिहल्ले दिवसचे दिवस चालू राहिले. शिखरांवर पाणी, दारूगोळा, अन्न बव्हंशी माणसांच्या पाठीवरूनच चढवावे लागे. 25 मार्चला लोहमार्गाच्या बोगद्यातून हल्ला करून सडकेलगतची ठाणी घेण्यात आली. मग सफरमैनांनी दरड उपसली, आणि 27 मार्चला रणगाडे त्या वाटेने केरेनात शिरले. 1 एप्रिलला अस्मारा, 8 एप्रिलला मसावा बंदर पडले.

त्याच काळात इकडे वैयक्तिक सत्याग्रह चालू होता. देशाचे मत न विचारता त्याला युद्धात ओढल्याचा तो निषेध होता, आणि तो योग्यच होता. केरेनचा शिपाई पगारी होता, परक्या झेंड्याखाली होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्यामुळे त्याने चढलेला डोंगर ठेंगणा होत नाही. याच तिसऱ्या पलटणीच्या यशवंत घाडगे यांनी पुढे 1944 साली इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला.

एरिट्रिया 1993 पासून स्वतंत्र राष्ट्र आहे. केरेनच्या युद्धस्मशानभूमीत, अग्निसंस्कार झालेल्या हिंदू व शीख सैनिकांचे निराळे स्मारक आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अशा कित्येक सैनिकांच्या नावापुढे पित्याचे नाव, गाव आणि जिल्हाही लिहिलेला आढळतो.