सामुदायिक बाग : अहिंसेची पाठशाळा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या आवारात बाग फुलवावी आणि तेथे मुलांसाठी व गृहिणींसाठी बागकामाची शिबिरे भरवावीत, असा विचार जेव्हा जेव्हा पुढे येतो, तेव्हा एक शंका हमखास उपस्थित होते. माती खणली की पृथ्वीकायाची विराधना, पाणी शिंपले की अप्कायाची, रोप उपटले की वनस्पतिकायाची; मातीतील त्रस जीव दगावतात ते निराळेच. मग हे काम जैन संस्थेने का शिकवावे ? ही शंका श्रद्धेतून आलेली आहे. म्हणून तिला आदरपूर्वक उत्तर दिले पाहिजे.

आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात रचलेल्या ‘आदिपुराणा’त भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे. पुढे श्रावकाचाराने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले. संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाला अनिवार्य ठरविला आणि उरलेल्या तिन्हींत यतना सांगितली. त्याच वेळी पंधरा कर्मादानांत वनकर्म आणि स्फोटकर्म यांचा समावेश करून जमीन फोडण्याच्या व्यवसायाविषयी सावधही केले. अनुमती आणि सावधगिरी या दोन काठांमधूनच श्रावकाची वाट जाते. सांगली-कोल्हापूर भागातील शेतकरी जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने चालत आली आहेत.

बाजारातून आणलेली भाजी घरात शिजते, तेव्हा तिच्यामागील हिंसा शेतात होऊन गेलेली असते. ती डोळ्यांआड असते, इतकेच. नांगरट कोणी केली, कोणते विष फवारले, याचा विचार ताटापर्यंत पोहोचत नाही. बागेत मात्र प्रत्येक कृती डोळ्यांसमोर घडते आणि कोठे थांबायचे, हे ठरविता येते. शिबिराचे खरे प्रयोजन येथे आहे.

अशा शिबिराचा आरंभ मातीपासून व्हावा. जमीन खणण्याऐवजी तिच्यावर पालापाचोळा आणि कुजलेले खत यांचे थर रचून वाफे करता येतात. जपानचे मासानोबू फुकुओका यांनी नांगरटीविना शेती अनेक वर्षे करून दाखविली. शहरांत झाडलेला पाचोळा पेटवून देण्याची रीत आजही दिसते. त्या ढिगाऱ्यात आश्रयाला आलेले असंख्य किडे-मुंग्या त्यात जळतात. तोच पाचोळा बागेत आला, तर एका निर्णयाने किती जीवांना अभय मिळते ! खताच्या ढिगाबाबतही विवेक हवा. ओला कचरा मोठ्या प्रमाणात एकत्र रचला की ढीग तापतो आणि उष्णता साठ अंशांपर्यंत जाऊ शकते. निव्वळ पाचोळ्याचा लहान ढीग सावलीत ठेवून न ढवळता कुजू दिला, तर तो तितका तापत नाही. वेळ मात्र अधिक लागतो. धीर धरणे हाही यतनेचाच भाग होय. गांडुळे द्वींद्रिय जीव आहेत. खत चाळताना ती उन्हात उघडी पडणार नाहीत, याची काळजी मुलांनीच घ्यावी.

किडीचा प्रश्न सर्वांत अवघड. रासायनिक विषे वर्ज्य हे उघडच आहे. परंतु ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘अहिंसक’ नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. निंबोळी अर्क किडीचे खाणे रोखतो आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवितो. चिकट सापळ्यांवर पाखरे तडफडून मरतात. म्हणून भर असावा तो कीड येण्यापूर्वीच्या दक्षतेवर. नत्राचे खत अधिक झाले की पालवी लुसलुशीत होते आणि मावा वाढतो. खतातही परिग्रह नको, तो असा. मिश्र लागवड करावी, नाजूक रोपांवर जाळीचे कापड घालावे आणि काही पाने किडीचा वाटा म्हणून सोडून द्यावीत. कुंड्यांखालील बशांत साचलेले पाणी दर दोन-तीन दिवसांनी मातीत ओतून बशा कोरड्या कराव्यात, म्हणजे तेथे डासांची पैदास वाढत नाही. जीवोत्पत्ती होऊ न देणे, म्हणजे पुढची हिंसा टळते, हे सूत्र घराघरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊकच आहे.

वेळापत्रकही धर्माचरणाशी जुळवून घ्यावे. मातीची कामे आषाढी चतुर्दशीपूर्वी आटोपावीत. चातुर्मासात खणणे-उपटणे बंद ठेवून केवळ निरीक्षण व्हावे. कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा लागवड सुरू करावी. कंदमुळांना बागेत स्थान नाही. भेंडी, गवार, दुधी, तोंडली, वाल, कढीपत्ता एवढ्यानेही वाफे भरून जातात. पाणी गाळून घ्यावे आणि मुळाशी आच्छादन घालावे; त्यामुळे ओल टिकते व पाणी कमी लागते.

या परंपरेला महाराष्ट्रात थोर पूर्वसूरी लाभले आहेत. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांतील मुले शेतात राबून शिकली. श्रमाने आलेले शिक्षण माणसाला ताठ उभे करते, हा त्यांचा विश्वास होता. दूरदेशीही असेच प्रयोग झाले. अमेरिकेतील बर्कली येथे १९९५ मध्ये अ‍ॅलिस वॉटर्स यांच्या प्रेरणेने एका शाळेच्या आवारात भाजीची बाग उभी राहिली आणि तीच मुलांची वर्गखोली झाली.

पाठशाळेतील मूल एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे भेद घडाघडा म्हणून दाखविते. परीक्षेत गुणही मिळविते. पण द्वींद्रिय जीव त्याने ओंजळीत घेऊन कधी पाहिलेला नसतो. बागेत पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहणे ही ईर्यासमिती, कुंडी उचलताना व ठेवताना जपणे ही आदान-निक्षेपण समिती. मुनिराज हे व्रत जन्मभर पाळतात. मूल ते तासभर पाळून पाहते. त्या तासाभरात मुनिधर्माची थोरवी त्याला जितकी कळेल, तितकी दहा पाठांतरांनी कळणार नाही.

एकही जीव न दुखावता बाग फुलत नाही, हे सत्य शिबिरात झाकू नये. दिवसाअखेरीस, सूर्यास्तापूर्वी हत्यारे धुऊन ठेवताना सर्वांनी मिळून क्षमापना करावी. ज्याच्या हातून काय घडले, ते त्याला त्या दिवशी नेमके आठवत असते. म्हणून ती क्षमापना तोंडदेखली होत नाही.

पन्नास वर्षांत संस्थेने मंदिर जपले, पाठशाळा चालविली. आता आवारातील एक कोपरा मुलांच्या हाती द्यावा. भगवान ऋषभदेवांना वटवृक्षाखाली आणि भगवान महावीरांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले. त्या वृक्षांच्या छायेचे स्मरण ठेवून लावलेले एक रोपही या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक करील.

जय जिनेंद्र !