फडाची मालकीण

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



२५ मे २०२१ रोजी संगमनेरला कांताबाई सातारकर गेल्या. कोरोनाने गेल्या. वय ८२. बातम्या आल्या, श्रद्धांजलीचे लेख आले. घुंगरू, ढोलकी, वग, टाळ्या, सगळं त्यांत होतं आणि ते खरंच होतं. पण ते वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकत होती. या बाईंनी पन्नास वर्षं एक धंदा चालवला. शंभराच्या आसपास पोटं त्या धंद्यावर भरत होती. याबद्दल मात्र एखाद-दुसरी ओळ. एखाद्या गृहस्थाने तालुक्याच्या गावी पन्नास वर्षं कारखाना चालवला असता, तर आपण त्याला 'उद्योजक' म्हटलं असतं आणि त्याच्या नावाने चौक केला असता. तेव्हा आज त्यांच्या कलेविषयी थोडं आणि त्यांच्या धंद्याविषयी जास्त बोलणार आहे.

कांताबाईंचा जन्म १९३९ सालचा, गुजरातमधल्या डिंभा गावचा. दगडाच्या खाणीतला. आईवडील दगड फोडायचे. पुढे कुटुंब साताऱ्याला आलं, आणि तिथलं नाव त्यांना आयुष्यभर चिकटलं. वयाच्या नवव्या वर्षी मेळ्यात पायात चाळ बांधले. मग मुंबई, मग वेगवेगळे फड आणि मग त्या काळचे गाजलेले फडमालक तुकाराम खेडकर यांचा तमाशा. तिथे त्या नायिका झाल्या, खेडकरांबरोबर संसार झाला, मुलं झाली. १९६४ साली खेडकर वारले. कांताबाई तेव्हा पंचविशीत होत्या.

इथे जरा थांबू. फड म्हणजे काय, तर त्याला ना सातबारा, ना दुकानाचा गाळा. तंबू, पेट्या, वाद्यं, कपडे आणि माणसं. आणि नाव. मालक गेला की या नावाचं काय करायचं, कपड्याच्या पेट्या कोणी उचलायच्या, ढोलकीवाला कोणाबरोबर जायचा, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. बाई कितीही नावाजलेली असली तरी तिचा वाटा रंगमंचावरच्या दिव्यापुरता. दिवा विझला की ती आणि तिची लहान पोरं. कांताबाईंच्या वाट्याला तेच आलं. त्यांनी पुन्हा दुसऱ्यांच्या फडात काम धरलं. आणि १९६९ साली स्वतःचा फड काढला. फलकावर तुकाराम खेडकरांचं नाव, 'सह' कांताबाई सातारकर. गेलेल्या माणसाच्या नावावर बाजारात पत उभी करणं हे कोणत्याही व्यापारी पेढीला नवीन नाही. फक्त पेढीवर बहुधा मुलगा बसतो. इथे बाई बसली.

आता हा धंदा चालतो कसा, ते सांगतो. शहरात राहणाऱ्या आपल्याला तमाशा म्हणजे नाचगाणं एवढंच वाटतं.

पावसाळ्यात फड बंद असतो. पण माणसं पोटाला बंद नसतात. मग मालक कलावंतांना, वादकांना, बिगाऱ्यांना 'उचल' देतो. उचल म्हणजे हंगामाआधीच दिलेली आगाऊ रक्कम. ही रक्कम मालकाच्या तरी घरात कुठे असते? ती सावकाराकडून येते, जबर व्याजाने. बँकेच्या दारात तंबू तारण ठेवून कोण कर्ज देणार? दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतो. गावोगावी कनात लावायची, तिकीट लावायचं, रात्री खेळ, पहाटे तंबू उतरवायचा, ट्रक भरायचे, पुढचं गाव. जनरेटरचं डिझेल वेगळं, भटारखाना वेगळा. एखादी उचल घेतलेली नर्तकी मधेच दुसऱ्या फडात गेली की उचल बुडाली आणि वगही अडला. मग चैत्रात जत्रांचा हंगाम. त्यासाठी पाडव्याच्या सुमाराला पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, घासाघीस करतात आणि 'सुपारी' ठरते. वर्षभराचं व्याज, उचल, डिझेल फिटणार की नाही, हे त्या राहुटीत ठरतं.

आणि या सुपारीत आपल्या मुंबईचा पैसा असतो, हे विसरू नका. मी बोरीवलीला राहतो. चैत्र लागला की नॅन्सी कॉलनीच्या एसटी आगारात गावच्या जत्रेला निघालेल्या लोकांची झुंबड उडते. जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेरकडची कितीतरी माणसं मुंबईत आहेत. गावच्या मुंबईकर मंडळाची वर्गणी जमते आणि तिच्यातून कुस्त्या, पालखी आणि तमाशाची सुपारी भागते. टॅक्सी चालवणारा, बाजारात हमाली करणारा माणूस वर्गणी देतो, म्हणून तिकडे ढोलकी वाजते.

माझ्या लहानपणी आमच्या गावात पिराचा उरूस भरायचा. संदल निघायचा आणि त्या रात्री तमाशा असायचा. पीर मुसलमानांचा, पंच मराठा, ढोलकीवाला मांग, सोंगाड्या आणखी कोण, याचा हिशोब कोणी मांडत नसे. मराठी शाहिरीत जेजुरीचे सगनभाऊ शिकलगार मुसलमानच होते, आणि आमचे बार्शीचे अमर शेखही. माझ्यासारख्याला मराठीत कविता लिहिताना कोणी 'तुम्ही मराठीत कसे?' असं विचारलं, की मी या दोघांची नावं सांगतो. असो. सांगायचं ते वेगळंच. रात्रीच्या तमाशातलं मला फार थोडं आठवतं. सकाळी 'हजेरी' झाल्यावरचं मात्र आठवतं. फड छोटा होता आणि त्याची मालकीण एका पत्र्याच्या पेटीवर बसून पंचांशी भांडत होती. रात्री पाऊस आला, खेळ अर्धाच झाला, म्हणून पंच पैसे कापायला निघाले होते. ती म्हणत होती, पाऊस काय मी सुपारी देऊन आणला? लोक हसले. पैसे कापलेच. तिने पोरांना हाका मारल्या, पेटी ट्रकमध्ये टाकली आणि ती ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. रात्री गवळणीत नाचलेली हीच बाई, हे मला बऱ्याच वेळाने समजलं.

कांताबाईंचा फड याच्या कितीतरी पट मोठा. आणि त्याच मुख्य नटीही. 'रायगडची राणी', 'पाच तोफांची सलामी' असे त्यांचे वग गाजले. त्या पुरुष भूमिकाही करत. मुलगा रघुवीर खेडकर मोठा झाला, सोंगाड्या म्हणून नावाजला, आणि फडाच्या फलकावर आई आणि मुलगा दोघांची नावं आली. मुलीही तमाशात उभ्या राहिल्या. आई, मुलं, नातवंडं, जावई, सगळं घर एकाच तंबूत, म्हणजे घरातलं भांडण फडात आणि फडातलं घरात. घरची म्हातारी आणि धंद्याची मालक एकच असली की दोन्हींचा कारभार एकाच जिभेवर चालवावा लागतो. कोणाला उचल द्यायची, कोणाला नाही, कोणत्या पोरीचं लग्न जमलंय म्हणून तिला सोडायचं, हे निर्णय हिशोबाच्या वहीत बसत नाहीत.

याच क्षेत्रातल्या विठाबाई नारायणगावकर आठवून पाहा. कलावंत म्हणून केवढ्या मोठ्या! राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेल्या. २००२ साली गेल्या, आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा कांताबाईंना मिळाला. मला या योगायोगात एक बोच दिसते. प्रतिभा दोघींकडे होती, पण फड मुलाबाळांच्या हाती चालता ठेवून जाणं सगळ्यांना जमत नाही. आणि ज्यांना जमतं, त्यांच्या त्या कर्तबगारीला आपल्याकडे पुरस्कारच नाही.

आमच्या इमारतीत एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात. सहा बायका कामाला, रोज पहाटे चारला चूल पेटते. गिऱ्हाईक त्यांना 'मावशी' म्हणतं, आणि पैशाचं काही बोलायचं असलं की 'मालक कुठेत?' असं विचारतं. मालक म्हणजे त्यांचे यजमान. ते बिचारे गॅलरीत पेपर वाचत बसलेले असतात.

धंदा म्हटला की आपत्ती येतातच. पण तमाशावर त्या नेमक्या हंगाम गाठून येतात. तमाशा रंगतो रात्री दहानंतर, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी दहानंतर भोंगा बंद केला. म्हणजे दुकान उघडायच्या वेळेलाच कुलूप. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या, तेव्हा फड नुकतेच तिकिटावर बाहेर पडलेले. ज्या खेड्यात सुट्टे पैसे नाहीत तिथे तिकीट कोण घेणार? आणि मग २०२०. त्या वर्षी गुढीपाडवा होता २५ मार्चला. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही २५ मार्चलाच. ज्या दिवसांत सुपाऱ्या ठरायच्या त्याच दिवसांत सगळं ठप्प. उचली वाटून झालेल्या, व्याज चालू, जत्रा एकही नाही. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन हंगाम कोरडे गेले. उभ्या आयुष्यात ज्या बाईने पावसाळा सोडून कधी फड बंद ठेवला नसेल, तिने तो दोन हंगाम बंद पाहिला आणि मे महिन्यात डोळे मिटले. त्या दिवसांतल्या अंत्ययात्रा आपल्याला आठवतात. खांदा द्यायला चार माणसं मिळायची मारामार.

२०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता. त्याच सुमाराला राज्यातले निर्बंध उठले. नारायणगावला राहुट्या लागल्या आणि गावोगावचे पंच पुन्हा सुपारी ठरवायला आले.