पार्किंगमधला प्लग

विद्युत ठेकेदार बंधू-भगिनींनो,

अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी वर्षभराचा आढावा घ्यायला हवा. तो कार्यवाहांच्या अहवालात छापलेला आहे, चहाच्या वेळी वाचा. मला जे बोलायचंय ते बरीच वर्षं पोटात ठेवलंय.

सकाळी इलेक्ट्रिक गाडी सामान्य माणसाला कधी परवडणार, यावर दोन तास खल झाला. एकाने जीएसटी मांडला. इलेक्ट्रिक गाडीवर २०१९पासून ५ टक्केच आहे, पण सप्टेंबर २०२५मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा २८वरून १८वर आला आणि किमतीतली दरी वाढली. खरं आहे. दुसऱ्याने हायवेवर फास्ट चार्जर हवेत म्हणून टेबल आपटलं. तेही हवेत. पण रोज ऑफिसला जाणारा माणूस हायवेवर राहत नाही, सोसायटीत राहतो.

माझे एक गिऱ्हाईक शिक्षक आहेत. सरांनी कर्ज काढून टियागो ईव्ही घेतली, २४ युनिटांच्या बॅटरीची. हिशेब सोपा होता: रात्री घरच्या मीटरवर भरायची, पेट्रोलचे वाचतील त्यातून हप्ता फेडायचा. सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट घेऊ दिला नाही. “आग लागली तर जबाबदार कोण?” मग सर रात्री जेवून बाहेरच्या चार्जरवर जायचे आणि गाडीतल्या दिव्यात वह्या तपासत बसायचे. बाहेरचं चार्जिंग ही ‘सेवा’, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, युनिट घरच्यापेक्षा दुपटीने महाग. अकरा महिन्यांनी त्यांनी गाडी विकायला काढली. मग परवडली नाही ती काय, गाडी?

घरी चार्जिंगला केंद्राच्या सूचनांनी डिसेंबर २०१८मध्येच मुभा दिली. २०१९च्या आदर्श इमारत उपविधींनी नव्या इमारतींत २० टक्के पार्किंगला सोय ठेवायला सांगितलं. जुन्या इमारतींत मात्र प्रत्यक्षात सगळं सेक्रेटरींच्या मर्जीवर.

आता आपल्या घरचं बोलतो. गाडी विकायला काढलेली असतानाच सरांना कुणीतरी चोरून लाइन दिली. हे बघा, ते सॉकेट मी खिशात घालून आणलंय. डाव्या भोकाभोवती बेकेलाइट तपकिरी होऊन फुगलंय, वास अजून जात नाही. मागे पॅसेजच्या दिव्यावरून ओढलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंगचा पत्ता नाही. हे काम सेक्रेटरींनी केलेलं नव्हतं. आपल्यापैकीच कुणीतरी केलं होतं. म्हणजे सोसायटीची भीती खरी करून दाखवली ती आपणच!

मी सोसायटीच्या समितीसमोर गेलो आणि त्यांच्या ज्येष्ठ सदस्यांना विचारलं, “काका, तुमचा गिझर किती वॅटचा?” म्हणाले, तीन हजार. गाडीचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा. फरक इतकाच, की गिझर अर्ध्या तासात बंद होतो आणि गाडी आठ तास ओढते. त्या आठ तासांसाठीच वायर जाड लागते. समिती राजी झाली. मग सरांच्याच मीटरवरून स्वतंत्र लाइन, सहाची तांब्याची वायर, एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट. दीड दिवसाचं काम. तीन पावसाळे झाले, सॉकेट हाताला कोमटसुद्धा लागत नाही. काकांनी स्वतः हात लावून पाहिलाय.

माझ्या कारकिर्दीत सोसायट्यांसाठी एक माहितीपत्रक काढू. समितीही नेमू, नावं कार्यकारिणी ठरवेल. प्रशिक्षणाचंही बघू.

तोवर एवढंच करा. हे सॉकेट मी इथे टेबलावर ठेवतोय. जेवायला जाताना प्रत्येकाने हातात घेऊन बघावं. आणि एखाद्या गिऱ्हाइकाकडे आपण दीडच्या वायरवर गाडीचा पॉइंट दिल्याचं आठवलं, तर सोमवारी जाऊन ती बदलून यावी. पैसे न घेता.