पदवीचा कागद आणि हातातले काम
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही फार शिकलेला माणूस नाही. नववीला शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर, वाचनालयात बसून. मग कॉम्प्युटरच्या नोकरीवर हा काय बोलणार, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. पण झाले असे, की माझा भाचा एक दिवस घरी आला. बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणाला, "मामा, एका छोट्या कंपनीत नोकरी मिळतेय. सॉफ्टवेअरमध्ये काम येतं का तेवढंच बघतात. कॉलेज सोडतो. बिल गेट्सनं पण सोडलंच की!" दाजी आजारी, घरी पैशाची ओढ. बहीण रडत होती. निवाडा माझ्यावर आला. म्हणून मी चार जाणत्यांना विचारले, वाचले. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पोरगा खोटे बोलत नव्हता. डॉक्टर किंवा वकील व्हायचे तर कायद्यानेच पदवी लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला असा कायदा नाही. प्रोग्राम चालला तर चालला, यंत्र कोणाचे प्रमाणपत्र बघत नाही. चेन्नईची झोहो कंपनी २००५ सालापासून बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत विद्यावेतन देऊन शिकवते आणि कामाला लावते. उलट आपल्याच वस्तीतला एक इंजिनिअर मुलगा मुलाखतीत साधा प्रोग्राम लिहू शकला नाही. चार वर्षे त्याने गाईडच पाठ केली होती. तेव्हा नुसत्या कागदाने पोट भरत नाही, हे मान्य.

पण बिल गेट्सची गोष्ट आपल्या पोरांना अर्धीच सांगतात. त्यांनी १९७५ साली हार्वर्ड सोडले, हे खरे. पण १९६८ साली, म्हणजे बारा-तेरा वर्षांचे असताना, त्यांच्या खाजगी शाळेत कॉम्प्युटरचे टर्मिनल आले होते. कॉलेज सोडताना सात वर्षांचा सराव हातात होता. वडील सिएटलचे नावाजलेले वकील. धंदा बुडाला असता तरी घर उभे होते. आपला पोरगा पडला तर कुठे पडेल? आणि झोहो उभी करणारे श्रीधर वेंबू यांनी स्वतः अमेरिकेत प्रिन्स्टनची डॉक्टरेट घेतली आहे, हेही ध्यानात ठेवा.

आता माझे सांगतो. एकोणिसाव्या वर्षी मी गिरणीत बदली म्हणून लागलो. पुढे यंत्राचा आवाज ऐकून कुठे बिघडले ते सांगायचो. गिरणी बंद पडली. एका कारखान्यात दुरुस्तीच्या कामाला गेलो. साहेब म्हणाले, "आय.टी.आय.चं सर्टिफिकेट दाखवा." माझ्याकडे नव्हते. ज्याच्याकडे होते त्या पोराला घेतले. मला गेटवर वॉचमन म्हणून ठेवले. त्या पोराचे यंत्र अडले, की तो गेटवर मला विचारायला यायचा! पगार मात्र त्याचा दुप्पट. अनुभव माझा होता, पण तो लिहिलेला कुठेच नव्हता.

आणि अनुभव अनुभव म्हणतात, पण तो देतो कोण? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे आपल्या बापजाद्यांना पाय ठेवू देत नव्हते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि म्हणे विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. ज्याला खात्यातच घेत नाहीत, त्याने अनुभव आणायचा कुठून? आजही ज्याचा काका कंपनीत आहे त्याला आत शिरायला शिफारस मिळते. आपल्या पोराचा काका गेटवर आहे. तेव्हा ज्याची ओळख नाही, त्याला कागदच ओळख देतो.

त्या कागदाचे वजन किती, तेही बघा. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाच्या नियमात पदवीच्या शिक्षणाचे एक वर्ष कमी असेल, तर त्याच्या बदली तीन वर्षांचा कामाचा अनुभव धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीला बारा वर्षे! आपल्याकडेही बऱ्याच मोठ्या कंपन्या कॉलेजमधून भरती करताना दहावी, बारावी आणि पदवीच्या टक्क्यांची अट घालतात. तुमचा हात कितीही चांगला असो, अर्ज आधीच बाजूला पडतो. हात दाखवायची वेळच येत नाही.

मग मी भाच्याला काय सांगितले? त्याला बाबासाहेबांचे उदाहरण दिले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परत यावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे जमवले, १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. पूर्ण केली. परिस्थितीने शिक्षण तुटले, पण त्यांनी ते सोडले नाही.

म्हटले, "बाळा, घराला गरज आहे, नोकरी धर. पण इग्नूत बी.सी.ए.ला नाव घाल. आणि केलेले काम लिहून ठेव, चार लोकांना दाखवता येईल असं ठेव. माझ्यासारखं हवेत सोडू नकोस." तो चिडला. दोन वर्षे वाया गेली म्हणाला. आज दिवसा नोकरी करतो, रात्री अभ्यास करतो. पहिल्या वर्षाचा एक पेपर राहिला आहे. राहू दे. पुन्हा देईल.

आई-बापांना माझी विनंती आहे, पदवी मिळाली म्हणजे झाले असे समजू नका. पोराला विचारा, तुला करता काय येतं? आणि ज्याची पदवी राहिली त्याला नापास म्हणून घालून पाडून बोलू नका, त्याला पुन्हा बसवा. जे आपले मुलगे-मुली कंपनीत पोहोचले आहेत, त्यांना एकच सांगणे आहे. रविवारी दोन तास विहारात या, एका तरी पोराला काम शिकवा, त्याला आत जायची वाट दाखवा. आपल्याला कोणी शिफारस दिली नाही, निदान आपण तरी देऊ.