राज्य बदलते, दफ्तर राहते

(वार्षिक संमेलनातील भाषण)



राज्य बदलले की झेंडा एका दिवसात बदलतो. दफ्तर मात्र जुनेच राहते. कालच्या सरकारने लिहिलेली जन्माची नोंद पाहूनच आजचे सरकार आपल्याला विचारते, ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ आपल्या कोकणाला लागून असलेल्या गोव्याचेच उदाहरण घेऊ.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सत्ता संपली. मग तेथील लोकांचे राष्ट्रीयत्व कोणते? भारत सरकारने 1955 च्या नागरिकत्व कायद्याखाली 28 मार्च 1962 रोजी आदेश काढला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणीही, 20 डिसेंबर 1961 पूर्वी त्या प्रदेशात जन्मले असेल, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्याला जुने राष्ट्रीयत्व ठेवायचे असेल, त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे होते. म्हणजे गप्प राहणे हाही एक निर्णयच ठरला!

ज्यांनी कळवले त्यांचे काय झाले? एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवले. गोव्यात राहूनच ते परदेशी म्हणून नोंदले गेले. 1964 मध्ये राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, तरी ते तेथेच राहिले. त्यांच्यावर खटला झाला, शिक्षा झाली आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.

आता दुसरी बाजू पाहा. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते 31 डिसेंबर 1974 च्या तहाने. पुढेही पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवण्याची वाट मोकळी राहिली. परदेशात पोटापाण्याला जाण्यासाठी अनेकांनी ती धरली. परंतु आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे या नोंदीवरून पुढे मतदानाचे, निवडणुकीचे आणि पासपोर्टचे वाद उभे राहिले. माणूस एक, जन्म एक. पण दोन देशांच्या दफ्तरांत त्याचे अर्थ दोन!

या साऱ्याचा आधार कोणता? पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या जुन्या जन्मनोंदींच्या वह्या. परक्या राजवटीच्या म्हणून त्या टाकून दिल्या असत्या, तर आजोबांचा जन्म नातवाने कशावरून सिद्ध केला असता? जुने दफ्तर सांभाळणे म्हणजे जुन्या सत्तेचा मान राखणे नव्हे; तो सामान्य माणसाचा हक्क राखणे आहे.

पालकहो, सरकारने सांभाळायचे ते सरकार सांभाळील; घरचे दफ्तर आपण सांभाळायचे आहे. मुलांचे आणि मुलींचेही जन्मदाखले वेळेवर काढा. दाखल्यावरचे नाव आणि शाळेतले नाव एकच आहे ना, हे आजच पडताळा. वडिलांचे, आजोबांचे कागद ट्रंकेच्या तळाशी वाळवीला देऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कोणत्याही सरकारी कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा आणि त्यावरची मुदत पाहा. घरातील वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवा. तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरातच होऊ द्या.